मुका गडी: मिलानमधल्या एका कपड्यांच्या स्टँडचं प्रकरण

मावशींचा फोन आला तेव्हा मी मिलानजवळच्या कान्तू गावातल्या माझ्या कार्यशाळेत एका खुर्चीची वेताची बैठक उसवत होते. मिलानमधली सगळी मराठी मंडळी त्यांना मावशीच म्हणतात, मीही. फोनवर त्या म्हणाल्या, "अगं, आमच्या गड्याचा खांदा निखळलाय. आणि तो कुणा मोठ्या माणसाचा आहे म्हणे. तू येऊन बघशील का?"

गडी म्हणजे त्यांच्या झोपायच्या खोलीतला लाकडी स्टँड. रात्री कोट, पँट, टाय त्यावर टाकायचा, घड्याळ आणि सुटे पैसे वरच्या छोट्या तबकात ठेवायचे, सकाळी पुन्हा अंगावर चढवायचं. इंग्रजीत त्याला व्हॅले स्टँड म्हणतात. इटालियनमधलं जे नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ 'मुका नोकर'. इथे लोम्बार्दीत 'ओमेत्तो' असंही म्हणतात, म्हणजे बुटका माणूस. काकांनी त्याला पहिल्या दिवसापासून 'गडी' म्हटलं आणि तेच राहिलं. 1991 साली नाव्हिल्यो ग्रांदे कालव्याच्या काठी महिन्याच्या शेवटच्या रविवारी भरणाऱ्या जुन्या सामानाच्या बाजारातून त्यांनी तो 1,80,000 लिऱ्यांना आणला होता. काका एका निर्यात कंपनीत हिशेबाचं काम करायचे आणि तीस वर्षं रोज सूट घालून ट्राम पकडायचे. ते गेले त्याला आता सहा वर्षं झाली. मावशी जून महिन्यात कायमच्या नाशिकला मुलीकडे जाणार होत्या आणि घर रिकामं करत होत्या.

घरातलं सामान बघायला आलेल्या एका व्यापाऱ्याने गड्यासमोर थांबून सांगितलं की हा इको पारिसींचा, म्हणजे कोमोच्या त्या नावाजलेल्या रचनाकाराचा आहे. कार्यशाळेच्या कागदावर दुरुस्ती करणाऱ्या माणसाने तसं लिहून दिलं, तर एरवी दिली असती त्याच्या तिप्पट किंमत देईन, असंही म्हणाला. मावशींचं मागणं त्यामुळे दोन पदरी होतं. खांदा दुरुस्त करायचा, आणि नाव लिहून द्यायचं. पहिलं काम चार महिन्यांत झालं. दुसऱ्यावर आमचं जे बोलणं झालं त्यासाठी हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण माझ्या व्यवसायात हा प्रश्न वर्षातून तीन-चारदा तरी समोर येतो.

वस्तू जशी आली तशी

उंची 108 सेंटिमीटर, रुंदी 45, खोली 36, वजन साडेतीन किलोच्या आसपास. खाली निमुळते होत गेलेले चार पाय, थोडे बाहेर फाकलेले, टोकांना पितळी टोप्या. चारपैकी एक टोपी गायब. मागच्या दोन पायांतूनच वर दोन उभ्या काठ्या निघतात आणि त्यांच्यावर खांद्यांच्या आकाराची रुंद पट्टी बसते. पट्टीच्या जरा खाली पँटसाठी दोन समांतर दांड्या आहेत. त्यांतली एक पितळी बिजागरीवर फिरते, म्हणजे पँट मधे घालून दांडी मिटली की कापड घसरत नाही. त्याच्या पुढच्या बाजूला तबक, कडेला बोटभर उंच काठ. डावा खांदा सांध्यातून सुटला होता आणि पूर्वी कुणीतरी तो पांढऱ्या गोंदाने चिकटवून वर एक लोखंडी खिळा ठोकला होता. खिळ्याने लाकूड चिरलं होतं. तसं पाहिलं तर गड्याला इजा झाली ती वापरामुळे कमी आणि त्या दुरुस्तीमुळे जास्त.

रंग महोगनीचा, पण लाकूड महोगनीचं नव्हतं. तबकाच्या खालच्या बाजूला, जिथे रंग पातळ लागला होता, तिथे बारीक तपकिरी ठिपक्यांसारख्या रेघा दिसत होत्या. बीचची ही ओळख कुठल्याही सुताराला अंधारातही पटेल. बीच स्वस्त, घट्ट, खराद आणि मशीनवर छान चालणारं लाकूड. युद्धानंतर इटलीत जे रोजच्या वापराचं लाकडी सामान भराभर बनलं, त्यातलं पुष्कळसं बीचचं आहे आणि त्यावर अक्रोड किंवा महोगनीचा रंग चढवलेला आहे. ही फसवणूक नव्हती. महाग लाकूड मिळत नव्हतं आणि लोकांना घरं मांडायची होती. 1949 ते 1963 या काळात एकट्या इना-कासा योजनेखाली सरकारने साडेतीन लाखांवर घरं बांधली. त्या घरांतल्या झोपायच्या खोल्या छोट्या होत्या. आजोबांच्या काळचं अवजड कपाट तिथे मावत नव्हतं, पण माणसाला सूट मात्र एक किंवा दोनच असायचे आणि ते रोज घालायचे असायचे.

लोकरीच्या सुटाचं एक गुपित आहे. तो रोज धुवायचा नसतो. दिवसभराच्या चुण्या आणि अंगाचा दमटपणा रात्रभर मोकळ्या हवेत, खांद्यांना आधार देऊन टांगला की बऱ्यापैकी निघून जातात. तोच सूट गरम आणि दमट असताना कपाटात कोंबला तर चुण्या बसतात. म्हणून गडी कपाटाच्या बाहेर, पलंगाजवळ उभा असतो. 1952 मध्ये फ्लोरेन्सच्या पालात्सो पित्तीत ब्रिओनी या रोमच्या शिंप्यांनी पुरुषांच्या कपड्यांचं प्रदर्शन मंचावर चालवून दाखवलं, तेव्हा इटालियन सूट जगभर मिरवू लागला होता. पण तो सूट घालणाऱ्या सामान्य कारकुनाच्या घरी त्याची निगा राखत होता तो हा साडेतीन किलोचा बीचचा नोकर. मला या जोडीचं फार अप्रूप वाटतं.

लाकडाने काय सांगितलं

कागदपत्र नसलेल्या वस्तूची चौकशी नेहमी खालून सुरू करावी. समोरची बाजू लोकांना दाखवायला असते, खालची बाजू बनवणाऱ्याची. गडी उलटा केला आणि तबकाच्या तळाला जळका शिक्का सापडला: फ्रातेल्ली रेग्वित्ती, आणि त्याखाली 'ब्रेव्हेत्तातो', म्हणजे पेटंट घेतलेलं.

रेग्वित्ती बंधूंचा कारखाना ब्रेश्चा प्रांतातल्या आग्नोझिने या गावचा. हे साबिया खोऱ्यातलं गाव. त्या खोऱ्यात आणि शेजारच्या खोऱ्यांत धातूकामाची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे, पितळेच्या मुठी, कड्या, नळ तिथे आजही बनतात. गड्याची पितळी बिजागरी हातात घेतली की ते कळतं. लोहचुंबक लावून पाहिलं, चिकटलं नाही. भरीव पितळ, आणि फिरताना इतकी मऊ की सत्तरीच्या जवळ पोचलेली वस्तू आहे हे बोटांना पटत नाही. लाकडाच्या कारागिराला अशी बिजागरी सुचते, पण ती इतकी नेटकी ओतून घ्यायला धातूचं काम जाणणारा शेजार लागतो.

आता यंत्राच्या खुणा. चारही पाय कॅलिपरने मोजले. डावे-उजवे एकमेकांशी अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळत होते. डोवेलची भोकं, म्हणजे लाकडी खुंट्या जिथे बसतात ती, सगळी एकाच खोलीची. हाताने एकेक काढलेल्या वस्तूत असं होत नाही. इथे साचा होता, नमुन्यावरून नक्कल करणारं मशीन होतं. पण याच मशीनच्या कामात एक हाताची खूणही होती. सांधा सुटल्यामुळे खांद्याच्या पट्टीचं आतलं तोंड उघडं पडलं होतं आणि त्यावर पेन्सिलीने 7 लिहिलेला होता. उभ्या काठीच्या टोकावरही 7. सांधे ढिले होऊ नयेत म्हणून जुळवणी करणारा माणूस तुकड्यांच्या जोड्या निवडून त्यांना आकडे देत होता. युरोपात सातच्या मधून जशी आडवी रेघ मारतात तशी त्यावर होती, जराशी घाईत मारलेली. त्या आकड्यावर मी बराच वेळ नजर लावून बसले.

रंगाचा थर कुठला हे तपासायला एक साधी रीत आहे. न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने आधी अल्कोहोल लावायचं. लाखेचा थर असेल तर तो लगेच चिकट होतो. इथे काही झालं नाही. मग ॲसिटोन लावल्यावर थर मऊ पडला. नायट्रोसेल्युलोज लॅकर, आपल्याकडचे पॉलिशवाले ज्याला एनसी म्हणतात तेच. फवाऱ्याने मारायचं, अर्ध्या तासात वाळतं, कारखान्याच्या वेगाला सोयीचं. खांद्याच्या पट्टीवर मात्र एक हात लाखेचा होता, खिळा ठोकणाऱ्यानेच नंतर फासलेला. बिजागरीचे मूळ स्क्रू एका आडव्या खाचेचे, आणि एकच स्क्रू चार खाचांचा, तोही बहुधा त्याच हाताचा. हे सगळं जुळवून वस्तूचा काळ 1950 च्या दशकाचा उत्तरार्ध किंवा त्याला लागून पुढची दोन-तीन वर्षं असा मी धरला.

तोल कसा साधलाय ते मोजायची हौस मला आवरली नाही. कोटाचं वजन सगळं वर, आणि खिसे भरलेले असले की पुढे ओढणारं. गड्याच्या खांद्याच्या मध्यातून ओळंबा सोडला तर तो मागच्या पायांच्या रेषेपासून चार सेंटिमीटर आत पडतो. तबक आणि पँटची दांडी पुढे, खांदा मागे, आणि पाय फाकलेले. काकांचा ओव्हरकोट टांगूनही तो कधी पडला नाही असं मावशी म्हणतात, त्याचं कारण या चार सेंटिमीटरांत आहे. हे कुणीतरी कागदावर काढलं असेल किंवा चार नमुने पाडून पाचव्यात साधलं असेल. दोन्ही रीतींना मी रचनाच म्हणेन.

मोठ्या नावांची गोष्ट

इको पारिसी हे नाव हवेतून आलेलं नाही. त्यांचा जन्म 1916 मध्ये पालेर्मोचा, पण आयुष्य गेलं कोमोला, माझ्या कार्यशाळेपासून फार दूर नाही. तरुणपणी वास्तुरचनाकार ज्युझेप्पे तेराग्नींच्या हाताखाली काम केलं. 1940 च्या दशकाच्या शेवटी पत्नी लुइझा आयानी यांच्याबरोबर 'ला रुओता' नावाचा स्टुडिओ उघडला. लुइझाबाई मिलानचे वास्तुरचनाकार जिओ पोंती यांच्या शिष्या. दोघांनी कासिनासारख्या कारखान्यांसाठी सामान रचलं. निमुळते, बाहेर झुकलेले पाय आणि जमिनीवरून उचलल्यासारखे दिसणारे आकार ही त्यांची ओळख. आता गड्याचे पाय बघा, निमुळते आणि बाहेर झुकलेले. बाजारात रेग्वित्तींच्या स्टँडपुढे पारिसींचं नाव सर्रास लिहिलेलं दिसतं, त्याला असं साम्य पुरेसं होतं. लुइझाबाईंचं नाव त्यात बहुतेकदा गळतं, ही माझी आणखी एक खंत.

पण निमुळते आणि झुकलेले पाय त्या दशकात मिलानपासून कोपनहेगनपर्यंत हजारो वस्तूंना होते. तो काळाचा नाक-डोळा होता. नाकाच्या ठेवणीवरून गाव ओळखता येतं, बाप ओळखता येत नाही.

नाव ठामपणे कधी देता येतं, याचं उदाहरण त्याच दिवशी माझ्या हातात होतं. मी जी वेताची बैठक उसवत होते ती सुपरलेज्जेराची होती, कासिनाची 699 क्रमांकाची खुर्ची, 1957 सालापासून बनणारी. ती पोंतींची आहे यात शंकेला जागा नाही. पोंतींच्या आधीच्या पिढ्या मात्र विसरून चालत नाही. जेनोवाजवळ समुद्रकाठी कियावारी नावाचं गाव आहे. 1807 मध्ये तिथल्या एका सरदाराने पॅरिसहून आणलेली खुर्ची गावच्या सुतारांना दाखवली आणि अशी बनवा म्हणाला. ज्युझेप्पे गाएतानो देस्काल्झी या सुताराने ती नुसती बनवली नाही, अनावश्यक लाकूड काढत काढत तिला पिसासारखी हलकी केली. ती कियावारी खुर्ची पुढे गावाचा धंदाच झाली. पोंतींनी 1950 च्या आसपास तीच समोर ठेवली. आधी लेज्जेरा, म्हणजे हलकी, बनवली. मग मेदा गावातल्या कासिनाच्या कारागिरांबरोबर आणखी छाटत जाऊन सुपरलेज्जेरा झाली. ॲश लाकूड, पाय गोल नाहीत तर त्रिकोणी छेदाचे, जाडी जेमतेम 18 मिलिमीटर, आणि संपूर्ण खुर्चीचं वजन 1.7 किलो. जाहिरातीत एक लहान मुलगा ती एका बोटावर उचलताना दाखवला होता. बैठक ज्या कांडीने विणतात तिला इथले लोक 'कान्ना द'इंदिया' म्हणतात, इंडियाचा वेत. नावात इंडिया असली तरी आज ती बहुतेक इंडोनेशियातून येते. पहिल्यांदा ते नाव ऐकलं तेव्हा मला घरचं कुणी भेटल्यासारखं झालं होतं, हे खरं.

त्रिकोणी छेदाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. गोल दांड्यापेक्षा त्रिकोणी दांड्यात लाकूड कमी लागतं, पण डोळ्याला एक धार दिसते, त्यामुळे पाय आहे त्याहून बारीक वाटतो. उलट सांध्याच्या जागी आडव्या पट्ट्या बसवायला सपाट बाजू मिळते. म्हणजे दिसण्यासाठी आणि ताकदीसाठी एकच निर्णय. अशी जागा वस्तूत सापडली, आणि तिच्यामागे एका माणसाचा वर्षानुवर्षांचा ध्यास नोंदलेला असला, की नाव लिहायला हात कचरत नाही.

कपड्यांच्या स्टँडचंच उदाहरण हवं असेल तर डेन्मार्ककडे बघता येईल. हान्स वेग्नरांची 1953 ची खुर्ची घ्या. तिची पाठ म्हणजेच कोटाचा हँगर, बैठक उभी केली की तिच्या कडेवर पँट टांगायची, आणि बैठकीखालच्या त्रिकोणी खणात खिशातलं सामान टाकायचं. आधी तिला चार पाय होते, मग वेग्नरांनी तीनच ठेवले. राजे नववे फ्रेडरिक तिचे गिऱ्हाईक होते. ती खुर्ची वेग्नरांखेरीज कुणाची असूच शकत नाही, कारण तिच्यात एका डोक्याचा हट्ट दिसतो. आमच्या गड्यात मला हट्ट दिसत नाही, सराव दिसतो. अनेक हातांनी अनेकदा केलेल्या वस्तूचा गुळगुळीतपणा त्याला आहे. मला तो कमी दर्जाचा वाटत नाही.

मावशींशी झालेलं बोलणं

डिसेंबरात मी हे सगळं मावशींच्या घरी जाऊन सांगितलं. त्यांनी चहा केला, ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "पण सगळीकडे तेच नाव लिहितात ना? तू लिहिलंस म्हणून काय बिघडतं? आणि नाही लिहिलंस तर तो माणूस दुसऱ्या कुणाकडून लिहून घेईल."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यांना पैशांची गरज होती आणि त्यांनी ती लपवली नाही. मी म्हटलं, "मावशी, वस्तूवर ज्यांचं नाव आहे त्यांचं मी मोठ्या अक्षरात लिहीन. ज्यांचं नाही त्यांचं कसं लिहू? उद्या तो कागद धरून कुणी आणखी चढ्या भावाने विकेल, आणि त्या कागदावर सही माझी असेल."

त्या गप्प राहिल्या. खोलीत संध्याकाळ झाली होती, त्यांनी पलंगाशेजारच्या दिव्याच्या वायरीवरचा खटका दाबला. क्लिक. माझं लक्ष त्या खटक्याकडे गेलं आणि मला हसू आलं. तो व्हीएलएम कंपनीचा खटका होता, वायरीच्या मधोमध बसणारा, हातात मावेल असा गोलसर. इटलीतल्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात तो काही नाण्यांना मिळतो आणि लाखो घरांत आहे. 1968 मध्ये तो आकिल्ले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या भावांनी रचला. ज्यांचे दिवे संग्रहालयात आहेत तेच हे कास्तिल्योनी. आकिल्लेंना आपल्या कामातला हा खटका फार प्रिय होता, कारण विकत घेणाऱ्याला तो कुणी रचला हे माहीत नसतं. चांगला वाटतो म्हणून घेतात, एवढंच. मिलानच्या पियात्सा कास्तेल्लोमधला त्यांचा स्टुडिओ पुढे लोकांना बघायला खुला झाला. तिथे त्यांनी जन्मभर गोळा केलेल्या निनावी वस्तू होत्या, चष्मे, अवजारं, खेळणी. त्या दाखवत ते विद्यार्थ्यांना शिकवायचे. 1961 पासून या भावांनी 'सेर्वो' म्हणजे चाकर या नावाने छत्री ठेवायचा, राखदाणीचा असे स्टँडही केले. मुक्या नोकरांची ती जात त्यांनाही भुरळ घालून गेली होती.

मी मावशींना म्हटलं, "हा खटका एका फार मोठ्या माणसाचा आहे. तुम्ही तीस वर्षं रोज दाबताय. त्याला कधी नावाची गरज पडली?"

मावशींनी खटका हातात घेऊन दोनदा चालू-बंद केला. मग म्हणाल्या, "यांना कळलं असतं तर यांनी रोज कुणाला तरी सांगितलं असतं." आणि थोड्या वेळाने, "बरं. तुला जे दिसतं तेच लिही. गडी मी नेते नाशिकला. नाहीतरी त्या माणसाने त्याला हात कसा लावला ते मला आवडलं नव्हतं."

व्यापाऱ्याने नावाशिवायची किंमत देऊ केली होती, ती त्यांनी नाकारली. बाकीच्या सामानाचे पैसे मात्र त्यांनी त्याच्याकडूनच चोख वसूल केले.

दुरुस्ती

नाशिकला जायचं ठरल्यावर दुरुस्तीचा विचार बदलावा लागला. मिलानमध्ये हिवाळ्यात घर तापवलेलं असताना खोलीतली आर्द्रता 35 टक्क्यांच्या खाली जाते. नाशिकच्या पावसाळ्यात ती 80 च्या वर असते. बीच हे लाकूड दमट-कोरड्याला फार प्रतिसाद देतं, फुगतं आणि आकसतं. शिवाय मागच्या एका पायात कीड लागल्याची बारीक भोकं होती, एक-दोन मिलिमीटरची, आणि त्यांतून फिकट भुसा झडत होता. जुनी भोकं काळवंडलेली असतात. फिकट भुसा म्हणजे आत कुणीतरी अजून राहतंय.

कीड मारायला औषध टोचण्याऐवजी मी गडी हवाबंद पडद्याच्या पिशवीत ठेवला, आत प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या टाकल्या आणि चार आठवडे तसाच राहू दिला. प्राणवायूचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या खाली टिकलं की अळी, कोष, अंडी काहीच वाचत नाही, आणि लाकडाला वास किंवा डाग लागत नाही. वेळ लागतो, पण झोपायच्या खोलीत उभ्या राहणाऱ्या वस्तूसाठी मी हीच रीत धरते.

खांद्यावरचा खिळा काढणं हे सर्वांत नाजूक काम ठरलं. त्याचं डोकं गंजून लाकडात रुतलं होतं. सोल्डरिंगच्या टोकाने खिळा तापवला, आजूबाजूचा पांढरा गोंद सैल झाला, आणि मग तो हळूहळू वर आला. दीड तास लागला. चिरेत बीचचीच पातळ चीप भरली, रेषा जुळवून. सांधा मात्र पुन्हा सरसाने जोडला. दमट हवेत सरस मऊ पडण्याचा धोका असतो हे मला ठाऊक आहे, आमच्या कार्यशाळेच्या उस्तादांनी आधुनिक गोंद सुचवलाही होता. पण सरसाचा सांधा उद्या कुणालाही गरम पाण्याने सोडवता येतो, लाकूड न फोडता. पांढऱ्या गोंदाने आणि खिळ्याने काय केलं ते डोळ्यांसमोर होतं. उपाय म्हणून खुंटी नवी, जरा घट्ट बसणारी केली, म्हणजे भार गोंदावर कमी आणि लाकडावर जास्त येईल. हा निर्णय वादाचा आहे आणि त्याची जबाबदारी माझी.

पेन्सिलीचे दोन्ही 7 मी पुसू दिले नाहीत. सांधा मिटला तेव्हा ते पुन्हा आत गेले.

मूळ लॅकर जिथे धड होतं तिथे तसंच ठेवलं. फक्त खांद्यावर, जिथे नवं लाकूड आलं, तिथे रंग मिळवून वर लाखेचे पातळ हात दिले. लाखेचे पापुद्रे मी भारतातूनच आणवते. लाखेची सर्वांत जास्त निपज झारखंडात होते आणि इटलीतली पॉलिशची जुनी कला त्यावर उभी आहे. आमच्या उस्तादांना त्याला 'चपडा' म्हणतात हे मी शिकवलं आणि ते आता तेच म्हणतात, अगदी मराठी 'च'सह. पितळ चकचकीत केलं नाही. मेणाने पुसलं, बस. हरवलेली चौथी टोपी उरलेल्या तिघींच्या मापाने खरादावर नवी काढली आणि आतून 'नवी' अशी खूण कोरली, पुढच्या माणसाला कळावी म्हणून.

कागद

परदेशी जाणाऱ्या जुन्या वस्तूंबाबत इटलीचा कायदा कडक आहे. 2017 पासून वयाची मर्यादा 50 वरून 70 वर्षं झाली, आणि 70 हून जुनी वस्तू 13,500 युरोंच्या आतली असेल तर बहुतेक बाबतीत मालकाच्या घोषणापत्रावर काम भागतं. गडी त्या वयाच्या अलीकडे होता आणि किमतीत त्याच्या कितीतरी खाली. तरी काळ, बनवणारा आणि किंमत यांचा सविस्तर कागद मी जोडला. त्या रकान्यात मोठं नाव लिहिलं असतं तर तो आकडा आणि ते नाव दोन्ही सरकारी फाइलीत जाऊन बसलं असतं. खोक्याचं लाकूड 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं, त्यावर नियमाचा शिक्का असलेलं घेतलं. परदेशी पाठवायच्या खोक्यांना ते सक्तीचं असतं.

माझ्या नोंदीत शेवटी हे लिहिलं: 'कपड्यांचा स्टँड. फ्रातेल्ली रेग्वित्ती, आग्नोझिने. 1950 च्या दशकाचा उत्तरार्ध ते 1960 च्या दशकाची सुरुवात. रंगवलेलं बीच, पितळ. तबकाखाली कारखान्याचा आणि पेटंटचा शिक्का. खांद्याच्या डाव्या सांध्यात जुळवणी करणाऱ्याच्या हातचा पेन्सिलीचा 7, मूळ.' शेवटची ओळ वाचून उस्ताद म्हणाले की एवढं कुणी लिहीत नाही. मग त्यांनी कागद परत मागितला आणि त्यावर माझ्या सहीशेजारी आपली सही केली.

जुलैच्या शेवटी मावशींचा नाशिकहून फोन आला. गडी पोचला होता, खांदा शाबूत होता, पण पँटची फिरती दांडी हलता हलत नव्हती. "तेल सोडू का बिजागरीत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मुळीच नको मावशी, बिजागरी ठीक आहे, दांडी फुगली आहे. साध्या मेणबत्तीचं मेण दांडीच्या कडेला घासा आणि दिवाळीपर्यंत तिला छळू नका. आणि त्यावर ओला टॉवेल टाकू नका." पलीकडून काहीच उत्तर आलं नाही. मग त्यांनी आत कुणाला तरी सांगितलेलं ऐकू आलं, "अगं, तो टॉवेल काढ गं गड्यावरचा."